जुनी नाणी ग्रेडिंगला पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वऱ्हाड आणि नागपूरकडच्या गावांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाई असेल तर निदान प्रश्न ३, ८ आणि ९ वाचल्याशिवाय पाकीट बंद करू नका.

१. ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय करतात? नाण्याची किंमत सांगतात का?

किंमत सांगत नाहीत. नाणे खरे आहे का आणि ते किती झिजलेले आहे, या दोन गोष्टी तपासतात. त्यानंतर ते पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालतात. या डबीला स्लॅब म्हणतात. तिच्यावर नाण्याची ओळख, ग्रेड आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो. ग्रेड १ ते ७० अशी असते. ही पद्धत अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली आणि पुढे ती सगळ्या नाण्यांना लागू झाली. ६० ते ७० म्हणजे चलनात न फिरलेले नाणे (एमएस), ५० ते ५८ म्हणजे अगदी किंचित फिरलेले (एयू). त्याखाली एक्सएफ (थोडे झिजलेले), व्हीएफ (मध्यम झिजलेले) अशी उतरंड लागते. गावात जपून ठेवलेला राणी छाप रुपया बहुतेक वेळा व्हीएफ किंवा एक्सएफमध्ये बसतो. मालकाला मात्र तो नेहमी नवाकोराच वाटतो.

२. आजीच्या पेटीत ४० कलदार (इंग्रजी राज्यातले यंत्राने पाडलेले चांदीचे रुपये) निघाले. सगळे पाठवू का?

नाही. आधी वेगळे काढा. राणी व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांचे साधे रुपये लाखोंनी पाडले गेले. त्यातला झिजलेला नग म्हणजे मुख्यतः चांदीच. एका रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम भरते. चांदीच्या चालू भावाने गुणा, म्हणजे कमीत कमी किंमत कळेल.

आता खर्चाचा हिशेब. ग्रेडिंगची फी, जाण्या-येण्याचे टपाल आणि विमा मिळून एका नगामागे दीड हजार रुपये पडतात असे धरा. ग्रेड न करता नाणे दोन हजाराला जात असेल, तर ग्रेडिंगनंतर ते किमान चार हजाराला गेले पाहिजे. तसे नसेल तर पाठवू नका. ४० पैकी बहुधा दोन-चारच नग या गणितात टिकतात: दुर्मीळ साल, दुर्मीळ टांकसाळ किंवा खरोखर न फिरलेली अवस्था. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच साल कोरून बदललेले १९३९ बाजारात फिरतात. तो हाती लागला तर विक्रीआधी तपासून घेणे फायद्याचे. १९११ चा 'डुक्कर रुपया' तर प्रसिद्धच आहे. राजाच्या वस्त्रावरच्या माळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून नक्षी सुधारली. १८६२ चे साल पुढची अनेक वर्षे तसेच छापले गेले, म्हणून त्या रुपयांत टिंबांच्या जागेवरून प्रकार ठरतो. सालाभोवतीची टिंबे भिंगाने मोजा.

३. नाणं काळं पडलं आहे. पाठवण्याआधी पितांबरीने किंवा चिंचेने घासलं तर ग्रेड वाढेल ना?

उलट होईल. पितांबरी, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, सोनाराचा ब्रश, यातले काहीही नाण्याला लावू नका. घासले की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा उमटतात. डोळ्यांना नाणे लखलखीत दिसते, पण तपासणारा ते दिव्याखाली फिरवतो आणि रेघा एकाच दिशेने चमकताना त्याला लगेच दिसतात. मग आकडा मिळत नाही, 'डिटेल्स' असा शेरा पडतो (प्रश्न १७). चांदीवरचा सावकाश चढलेला काळपट, निळसर, तपकिरी रंग हा दोष नाही. तो नीट असेल तर संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. बाजारात जेवढी नाणी चोरांनी नेली नसतील त्याहून जास्त पितांबरीने मारली आहेत.

४. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला हेच रुपये ताटात असतात. हळदकुंकू अक्षरांत बसलं आहे. ते तरी काढू का?

ते काढता येते, पण न घासता. काचेच्या वाटीत डिस्टिल्ड पाणी घ्या. बॅटरीत घालायचे जे मिळते तेच. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार वाळल्यावर पांढरे डाग पाडतात. नाणे चार-पाच तास बुडवून ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. बाहेर काढताना कडेने धरा आणि मऊ सुती कापडावर ठेवून फक्त टिपा. मधल्या खोबणीत पिवळा डाग राहिला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, कारण हळदीचा रंग त्यात विरघळतो. तुपाचा किंवा तेलाचा हात लागला असेल तोही सुटतो. नखांची पॉलिश काढण्याच्या बाटलीत सुगंध आणि तेल मिसळलेले असते, ती चालत नाही. ॲसिटोन लगेच पेट घेते: चूल, गॅस, देवघरातला दिवा यांपासून दूर, अंगणात, काचेच्या भांड्यात. दोन बुडींनी न निघालेले तसेच राहू द्या. पंचामृतात भिजवण्याची पद्धत असेल तर पुढच्या दिवाळीला पूजेसाठी दोन साधे रुपये वेगळे ठेवा. दही आणि मध चांदीच्या रंगाचे वाटोळे करतात.

५. नाणी प्लास्टिकच्या पाकिटात होती, आता त्यावर हिरवट चिकट थर आहे. हा गंज आहे का?

बहुधा नाही, हा थर पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकमुळे आलेला असतो. मऊ, चकचकीत, वास येणाऱ्या पाकिटातले द्रव्य सुटून नाण्यावर येते आणि चिकट हिरवा थर धरतो. ते वरवर असेल तर प्रश्न ४ मधल्या ॲसिटोननेच निघते. खरबरीत, खड्डे पाडणारा, पावडरीसारखा हिरवा थर तांब्याचा गंज असतो. त्याला हात लावू नका. पाकिटासोबतच रबर बँडही फेकून द्या. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ पडते आणि ती जात नाही. कपाटातली डांबरगोळीही नाण्यांजवळ नको.

६. माळेत ओवलेले कडीचे रुपये आहेत. कडी काढून पाठवू?

कडी झाळून बसवलेली असते. काढली तरी काठावर झाळणीचा वण आणि उष्णतेचा डाग राहतो, आणि तपासणारा तो ओळखतोच. भोक बुजवलेले असेल तरी तेच. अशा नाण्यांना आकडा मिळत नाही. माळ जुन्या बंजारा किंवा गोंडी घराण्याची असेल तर ती अखंडच ठेवा, सुटे रुपये काढण्यापेक्षा तिला जास्त अर्थ आहे. सराफांनी परखण्यासाठी मारलेले बारीक ठसे ही वेगळी गोष्ट. भोसल्यांच्या आणि मुघल धाटणीच्या रुपयांवर ते सर्रास दिसतात. त्यांचे फोटो आधीच काढून फॉर्ममध्ये नोंद करा.

७. पैसे घालवण्याआधी नाणं खरं आहे हे घरी कसं पाहायचं?

तीन चाचण्या घ्या. पहिली चुंबकाची: चांदीचे नाणे चिकटत नाही. नुसते चिकटले नाही म्हणून ते खरे ठरत नाही, चिकटले तर मात्र चांदीचे नाही. दुसरी वजनाची: ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. झिजलेला रुपया ११.४ ते ११.६ असू शकतो, १०.५ भरला तर शंका घ्या. तिसरी पाण्याची: काट्यावर पाण्याची वाटी ठेवून तो शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळते ठेवा, ते तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा टिपा आणि कोरड्या वजनाला त्याने भागा. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास येते. ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला वाटीत १.१३ ग्रॅम दिसले पाहिजेत. पितळ किंवा निकेल असेल तर उत्तर ८.५ ते ९ च्या घरात येते. १९४० ते १९४५ च्या रुपयांत मात्र चांदी निम्मीच आहे, तिथे १०.३ ची अपेक्षा धरू नका.

राम-सीता, हनुमान असे चित्र आणि १८१८ साल असलेले 'ईस्ट इंडिया कंपनीचे' आणे ग्रेडिंगला पाठवू नका. कंपनीने अशी नाणी पाडलीच नाहीत. ते देवळाचे टोकन किंवा नंतरची बनावट आहे.

८. वावरात नांगरताना मडकं निघालं, त्यात नाणी होती. सरळ ग्रेडिंगला पाठवली तर?

थांबा, आधी तहसील गाठा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा साठा जमिनीत सापडला तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते: काय सापडले, साधारण किती किमतीचे, कुठे, कधी. आणि साठा सरकारी कोषागारात जमा करावा लागतो किंवा जामीन द्यावा लागतो. खबर न देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तलाठी आणि पोलीस पाटील यांना सोबत घेऊन तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. वावर तुमचे स्वतःचे असले तरी हे चुकत नाही. मडके फोडू नका, नाणी वाटून घेऊ नका, धुऊ नका. मातीसकट तसेच ठेवा. साठ्यात कोणते नाणे कोणासोबत होते यावरून काळ ठरतो. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या पोटीन (तांबे, शिसे, कथील यांचा मिश्र धातू) नाण्यांचा मोठा साठा मिळाला आणि आज तो इतिहासाच्या अभ्यासात वापरला जातो, तो एकत्र राहिला म्हणूनच.

९. अमेरिकेतल्या कंपनीचा ठसा जास्त भाव देतो म्हणतात. तिकडे पाठवू का?

नाण्याचे वय आधी मोजा. पुरावशेष आणि बहुमूल्य कलावस्तू कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे किंवा जास्त जुने नाणे 'पुरावशेष' ठरते आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, तपासून परत आणायचे असले तरी. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. त्यामुळे कलदार व्हिक्टोरिया, एडवर्ड, १९११ चा रुपया, भोसल्यांचे रुपये, अचलपूरच्या टांकसाळीचे (नाण्यांवरचे एलिचपूर) मुघल रुपये परदेशी पाकिटात जाऊ शकत नाहीत. मर्यादा दरवर्षी सरकते; गेल्या वर्षी ९९ वर्षांचे असलेले नाणे यंदा पुरावशेष होते. साल हिजरीत असेल तर आधी इसवीत बदलून घ्या. अशा नाण्यांच्या पाकिटावर 'जुनी बटणे' किंवा 'भेटवस्तू' असे लिहून पाठवण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला ऐकू नका: कस्टममध्ये अडकले की कायदाही मोडलेला, विमाही गेलेला.

अशा नाण्यांसाठी भारतातच काम करणाऱ्या ग्रेडिंग सेवा आहेत. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या दोन मोठ्या अमेरिकन सेवा. त्यांच्याकडे शंभर वर्षांहून नवे नाणे पाठवायचे असेल तर एजंटाने कस्टम आणि परतीचा कर कोण भरणार हे लिहून दिले पाहिजे. फक्त ओळख पटवायची असेल, तर नागपूरच्या अजब बंगल्यातली (मध्यवर्ती संग्रहालय) मांडणी पाहून बराच अंदाज येतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राचे संशोधन होते, तिथेही विचारता येते.

१०. पाकीट कसं बांधायचं? नेमकं सांगा.

रुपया कडेने धरा. दोन इंचाच्या, पीव्हीसी नसलेल्या मऊ फ्लिपमध्ये (नाणे ठेवायचे छोटे प्लास्टिकचे पाकीट) एकेकच घाला. स्टेपल मारलेल्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये पाठवू नका, पिन काढताना तिचे टोक नाण्यावर घासते. आधीच पिन मारली असेल तर पिना बाजूला वळवून नव्हे, चपट्या पकडीने पूर्ण उपटून काढा आणि नाणे बाहेर काढा. फ्लिपवर चिकटवायचा क्रमांक फ्लिपच्या वरच्या भागात, नाण्यावर नाही.

सगळ्या फ्लिप क्रमाने रचून त्यांच्यापेक्षा अर्धा इंच मोठ्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा. पुठ्ठ्यांच्या कडा टेपने बांधा, फ्लिपला टेप चिकटू देऊ नका. हा गठ्ठा झिपच्या पिशवीत. पावसाळ्यात पिशव्या दोन. त्याभोवती फुग्यांचा प्लास्टिक कागद दोन फेरे आणि मग घट्ट बसेल असा छोटा पुठ्ठ्याचा डबा. हा डबा दोन इंच मोठ्या डब्यात, चारही बाजूंना कागदाचे गोळे दाबून. आता कानाशी धरून हलवा. खुळखुळ ऐकू आली तर पुन्हा उघडा. आतल्या एका रुपयाने दुसऱ्याच्या गालावर टोचा पाडायला वणीपासून नागपूरपर्यंतचा रस्ता पुरेसा आहे. वर तपकिरी टेप सगळ्या सांध्यांवर. बाहेर 'नाणी' किंवा 'चांदी' लिहू नका, आणि सेवेच्या पत्त्यात तसा शब्द असेल तर त्यांच्याकडून आद्याक्षरे विचारून तीच घाला.

११. फॉर्ममध्ये 'घोषित किंमत' काय लिहायची?

परतीचा विमा आणि कधी कधी फीदेखील याच आकड्यावर ठरते. जास्त लिहिले तर फी वाढते. कमी लिहिले तर पाकीट हरवल्यावर तेवढेच मिळते. आजच्या बाजारात ते नाणे ग्रेड न करता ज्या भावाला जाईल तो आकडा योग्य. प्रत्येक ओळीत क्रमांक, राजा किंवा सत्ता, किंमत (रुपया, आठ आणे), साल, टांकसाळ आणि असल्यास प्रकार लिहा. फॉर्म भरला की त्याचा फोटो काढा, एक प्रत डब्यात, एक घरी.

प्रत्येक नाण्याचेही चार फोटो ठेवा: दोन बाजू, काठ, आणि काट्यावर ठेवलेले वजनासकट. दुपारी दारातल्या सावलीत फोटो चांगले येतात, फ्लॅश बंद. आधीपासून असलेला ओरखडा जवळून टिपा. नंतर 'हा तुमच्याकडे पडला' असा वाद झाला तर हाच पुरावा.

१२. पोस्ट बरं की कुरिअर?

पोस्ट. बहुतेक खाजगी कुरिअरच्या अटींमध्ये नाणी, रोकड आणि दागिने यांना बंदी असते. पावतीमागच्या बारीक अक्षरांत भरपाईही अगदी थोडी असते, आणि 'कागदपत्रे' सांगून दिले तर तीही मिळत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टच विम्यासह घ्या. काउंटरवर आत काय आहे ते खरे सांगा. बाहेर न लिहिणे वेगळे आणि विचारल्यावर खोटे बोलणे वेगळे. विमा घोषित किमतीएवढाच घ्या. विमा पाकिटाला लाखेचे सील मागतात तेव्हा सांध्यासांध्यावर एकाच खुणेची मोहर लावा, पाच रुपयांच्या नाण्याने दाबलेली नको, कोणीही तशी पाडू शकतो.

१३. आमच्या गावातल्या पोस्टातूनच पाठवलं तर?

गावातल्या शाखा डाकघरात विम्याची मर्यादा अगदी तुटपुंजी असते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मुख्य डाकघरात जा. सोमवारी सकाळी दिलेत तर पाकीट रविवारभर कुठे पडून राहत नाही. परतीच्या पत्त्यासाठीही तालुक्याच्या ठिकाणचा, दिवसभर घरी असणारा विश्वासातला माणूस द्या. वेचणीच्या दिवसांत सगळे घर वावरात असते आणि पाकीट शेजाऱ्याच्या सहीने उतरते. ओटीपीने बटवड्याची सोय असेल तर घ्या, आणि मोबाइल क्रमांक गावात रेंज पकडणाऱ्या माणसाचा लिहा.

१४. नाणी आम्हा चार भावांच्या वाट्याची आहेत. एकाच्या नावाने पाठवली तर चालेल?

चालेल, पण सेवा नाणी फक्त त्याच नावाने परत करते. आधी कागदावर यादी, प्रत्येक नगाचा फोटो आणि चौघांच्या सह्या घ्या. भाव आल्यावर भांडण झाले तर सेवेला त्यात पडता येत नाही. एका पाकिटात किती घालायची, याचा नियम सोपा: विम्याच्या मर्यादेत बसतील तेवढीच. बाकीची पुढच्या आठवड्यात.

१५. मे महिन्यात पाठवू नये का?

चांदीला ४६ अंशांत काही होत नाही. प्लास्टिकला होते: उन्हातल्या मोटारसायकलच्या डिकीत स्वस्त फ्लिप मऊ होऊन नाण्याला चिकटतात. सकाळी निघा, थेट पोस्ट गाठा. पावसाळ्यात टपाल वाटेत ओले होऊ शकते, त्यासाठी प्रश्न १० मधल्या दोन पिशव्या.

१६. परत आलेलं पाकीट उघडताना काय पाहायचं?

पोस्टमनसमोर सील आणि वजन पाहा. पावतीवरचे वजन आणि हातातले वजन यांत फरक असेल तर उघडण्याआधी लेखी नोंद मागा. मग फोनवर न थांबवता एकच चित्रण करा: बंद पाकीट, पत्ता, सील, कापणे, आतली प्रत्येक डबी. डबीवरचा क्रमांक सेवेच्या संकेतस्थळावर टाका, तिथला फोटो आणि तुमच्या हातातले नाणे एकच आहे का ते ओरखडे जुळवून पाहा. डबी हवाबंद नसते. सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा, ओलसर भिंतीच्या कोनाड्यात नको.

१७. 'डिटेल्स' आलं. पैसे बुडाले का?

पूर्ण नाही. नाणे खरे आहे असे लिहून मिळाले, पण घासलेले, ओरखडलेले, गंजलेले किंवा कडी काढलेले म्हणून आकडा दिला नाही. दुर्मीळ नाण्यासाठी हेही उपयोगी पडते, साध्या रुपयासाठी फी अंगावर येते. शेरा चुकला असे वाटत असेल तर डबी फोडून पुन्हा पाठवता येते. पण दुसऱ्यांदाही पूर्ण फी लागते, आणि घासल्याच्या रेघा दुसऱ्यांदाही तिथेच असतात. फोडायची असेलच तर हातोडी नको. डबीचे कोपरे पकडीने बाहेरच्या बाजूने तोडत जा, नाणे हातात येण्याआधी कापड पसरा.

१८. पाकीट हरवलं तर तक्रार कधी करायची?

पाकिटाचा मार्ग दाखवणारी नोंद (ट्रॅकिंग) तीन दिवस एकाच ठिकाणी अडकली की लगेच, वाट पाहू नका. पावती, विम्याची पावती, फॉर्मची प्रत आणि प्रश्न ११ मधले फोटो घेऊन जिथून पाठवले त्याच डाकघरात लेखी तक्रार द्या आणि क्रमांक घ्या. भरपाईसाठी किमतीचा आधार विचारतात: खरेदीची पावती नसेल तर लिलावात तशाच नगाला आलेल्या भावाची नोंद जोडा.

१९. एकाने फोन केला, 'तुमच्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी नोंदणी फी भरा.' खरं असतं का?

नाही. आधी फी, कमिशन किंवा कर भरायला सांगणारा घेणारा नसतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सूचना काढून सांगितले आहे की आपण जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कोणाला फी घेण्याचा अधिकारही दिलेला नाही. वैष्णोदेवीचे पाच रुपये किंवा शेतकऱ्याचे ट्रॅक्टर असलेली पाच रुपयांची नोट लाखांना घेतो म्हणणारेही याच टोळीतले. फोटो पाठवले असतील तर हरकत नाही. आधार, बँक खाते आणि ओटीपी पाठवू नका. दिले असेल तर बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा.